तळटीप एक्केचाळीस

वर्षातून दोनदा यायचं ते नियतकालिक.
तपकिरी पाकीट, कोपऱ्यात कुठल्याशा पक्ष्याचं तिकीट,
आत आयर्लंडचा इतिहास आणि संस्कृती,
दुसरं काही नाही. जाहिरातसुद्धा नाही.
मी नोंद करायचो, विद्यापीठाचा शिक्का मारायचो
आणि ऊस नि रेशीम यांच्या मधल्या फटीत
उभं करून ठेवायचो. जागा तेवढीच होती.

वाचणारं माणूस एकच.
कालिंदी सरनोबत, भूगोलाच्या निवृत्त बाई,
राहायला मंगळवार पेठेत.
दर बुधवारी केएमटीनं यायच्या, छत्री खुर्चीला अडकवायच्या
आणि पंखा सोडून मुद्दाम खिडकीशी बसायच्या.
पंखा पानं उलटतो, म्हणायच्या,
मला माझ्या वेगानं उलटू देत.

एकदा हाक मारून म्हणाल्या,
चौगुले, हे ऐक.
बटाटा कुजला, माणसं गवत चघळत मेली
आणि त्याच साली बंदरातनं
धान्याच्या गोण्या भरून जहाजं सुटत होती.
रकाने आहेत बघ. किती गोण्या, कुठलं बंदर, सगळं.
मी म्हणालो, बाई, पेन्सिल आत ठेवा.

पेन्सिलीचंच भांडण होतं आमचं.
एक लेख होता मोजणीदारांवर.
साखळ्या घेऊन टेकड्या चढले,
म्हाताऱ्याकोताऱ्यांना नावं विचारली
आणि आपल्या कानाला झेपली तशी नकाशावर उतरवली.
काळ्या गाईचं कुरण म्हणून जे होतं
त्याचा नुसता आवाज उरला, आत गाय नाही, कुरण नाही.
त्या पानाच्या समासात बाईंनी बारीक लिहिलेलं:
कपिलतीर्थ, तळं होतं, आता भाजी.
वरुणतीर्थ, तळं होतं, आता सभा.
रावणेश्वर, तळं होतं, आता फुटबॉल.
आणि खाली, जरा तिरकं:
आपण नावं ठेवली, पाणीच खोडलं.

खोडायचं काम माझं.
शनिवारी दुपारी रबर घेऊन बसलो,
तिन्ही तळी पुसली,
भुसा फुंकून टाकला.
नियम क्रमांक सात. मी नियमाचा माणूस.

मग एका जुलैत बाई आल्या नाहीत.
पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली,
बस बंद असेल म्हटलं.
पाणी उतरलं. बस सुरू झाल्या.
पेपरात चौकट आलेली, तीही मी नाही, शिपायानं वाचली.

डिसेंबरात समिती बसली.
परदेशी वर्गणी, एवढे युरो, वापरकर्ते किती.
गेल्या साली त्या रकान्यात मी एक लिहिलेलं.
यंदा शून्य काढताना पेन चाललं नाही.
झटकल्यावर चाललं.

पैसे भरलेला शेवटचा अंक मार्चात आला.
शिक्का मारला आणि कधी नव्हे तो उघडला.
इंग्रजी माझं नोंदीपुरतं,
पण लेख पुन्हा मोजणीदारांवर, त्याच माणसाचा,
शेवटी तळटिपा, औषधाच्या कागदावर असतात तेवढ्या अक्षरात,
आणि एक्केचाळिसावीत:
बुजवलेल्या तळ्यांची नावं पत्रानं कळवल्याबद्दल
कोलापूरच्या के. सरनोबत यांचे आभार.

कोलापूर.
बाई असत्या तर खिडकीशी एकट्याच खदखदल्या असत्या.
नावं कशी मोडतात यावर बावीस पानं लिहिली बाबानं
आणि आमचंच मोडलं.

वाचनकक्षात कुणी नव्हतं. शिपाई चहाला गेलेला.
मी टेबलाच्या खणातनं पेन्सिल काढली,
चौतीस वर्षांत पहिल्यांदा,
शब्दाच्या पोटात हंसपद केलं
आणि समासात एक ह लिहिला.
मराठीच. दुसरा सुचला नाही.

मग तो जुना अंक शोधला,
त्यांच्या खुर्चीत बसलो,
पान उजेडाला तिरपं धरलं.
रबरानं शिसं जातं, दाब जात नाही.
वरुणतीर्थातला रु
अजून चांगला खोल होता.